नर्सिंग असिस्टंटची परीक्षा: घरच्या सेवेतलं काय ठेवायचं, काय सोडायचं

वणी असो, आर्वी असो की कुरखेडा, विदर्भातल्या तालुक्याच्या बसस्टँडबाहेर ‘नर्सिंग कोर्स, सहा महिन्यांत नोकरी’ असा एखादा फलक असतोच. पैसे भरण्याआधी तिथे एवढंच विचारायचं: शेवटची परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्र कोण देणार? नर्स व्हायचं तर एएनएम (सहायक परिचारिका आणि सुईण) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि जीएनएम (सामान्य परिचारिका आणि सुईण) तीन वर्षांचा. दोन्हींना बारावी लागते, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. काही महिन्यांत होतो तो जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे सगळे म्हणतात तो ‘जीडीए’. तो साधारण दहावीवर करता येतो आणि त्याचं प्रमाणपत्र हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल देते. जीडीए झालेली मुलगी नर्स होत नाही. ती नर्सच्या देखरेखीखाली रुग्णाला आंघोळ घालते, खाऊ घालते, कूस बदलते, नाडी-ताप मोजते, लिहून ठेवते. सहा महिन्यांत नर्स करून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. हा लेख या जीडीएच्या परीक्षेबद्दल आहे.

परीक्षेची भीती मुलींना जितकी वाटते तितकी ती अवघड नाही. अवघड आहे ते वेगळंच. आपल्याकडच्या बऱ्याच मुलींनी अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं केलेलं असतं, बाळंतिणीला शेक दिलेला असतो, बापाला उन्ह लागलं तेव्हा रात्रभर ओल्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. सेवेची लाज नाही, घाण वाटत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण घरी आपण जे मायेने करतो त्यातलं अर्धं परीक्षेत चुकीचं ठरतं, कारण घर तीन गोष्टी कधीच विचारत नाही: हात धुतले का, हात लावण्याआधी सांगितलं का, आणि केलेलं लिहून ठेवलं का. चौथी गोष्ट त्याहून महत्त्वाची, कुठे थांबायचं ती. तिच्याकडे शेवटी येते.

हातांपासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटनेने हात धुण्याच्या पाच वेळा ठरवून दिल्या आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, जखमेच्या पट्टीसारख्या निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवी अशा द्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर, आणि रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. पाचवी वेळ मुली हमखास विसरतात. रुग्णाला शिवलेच नाही, फक्त त्याची उशी सरकवली, मग कशाला? उशीवरही तेच जंतू असतात म्हणून. साबण-पाण्याने धुताना सगळं मिळून ४० ते ६० सेकंद लागले पाहिजेत, सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद. सराव घरीच करा: तेलात हळद कालवून हातांना चोळा, डोळे मिटून साबणाने धुवा आणि मग बघा. पिवळं कुठे राहिलं? अंगठ्याच्या बुडाशी, बोटांच्या बेचक्यात, नखांपाशी. तिथेच परीक्षकाचीही नजर असते.

बांगड्यांचा प्रश्न इथेच येतो, आणि तो टाळून चालत नाही. नख वाढलेलं, नेलपॉलिश, अंगठी, बांगड्या यातलं काहीही प्रात्यक्षिकाला चालत नाही. काचेची बांगडी फुटून रुग्णाला लागू शकते आणि तिच्याखालचा हात धुतलाच जात नाही. लग्न झालेल्या मुलींना सासरी हे सांगणं जड जातं. परीक्षेच्या दिवशी सकाळी वाद घालण्यापेक्षा महिनाभर आधीच घरात बोलून ठेवावं, आणि ड्युटीवरून आल्यावर पुन्हा घालते, एवढं सांगितलं की बहुतेक सासवा ऐकतात.

दुसरी गोष्ट, बोलणं. प्रात्यक्षिकात मुली काम बरोबर करतात पण मुक्यानं करतात, आणि गुण जातात. कोणतंही काम करण्याआधी क्रम एकच: हात धुवा, स्वतःचं नाव सांगा, रुग्णाची ओळख पटवा, काय करणार ते सांगा, परवानगी घ्या, पडदा ओढा. ओळख पटवायची म्हणजे नाव आणि नोंदणी क्रमांक अशा दोन खुणा मनगटावरच्या पट्टीशी जुळवायच्या. पलंगाच्या नंबरावर विसंबायचं नाही, कारण पलंग बदलतात. आणि ‘तुम्ही शांताबाई ना?’ असंही विचारायचं नाही. गुंगीत असलेलं माणूस कशालाही हो म्हणतं, आणि आपल्या वॉर्डात दोन शांताबाई असणं काही नवलाचं नाही. ‘मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगता का?’ असं विचारायचं. रुग्णाशी त्याच्याच बोलीत बोललं तर काही बिघडत नाही. ‘आबाजी, मी तुमची नाडी पाहून राहिली, हात सैल सोडा’ हे वाक्य कोणत्याही पाठ केलेल्या इंग्रजी वाक्याहून चांगलं. परीक्षकाला तुमचं इंग्रजी तपासायचं नसतं. रुग्णाला कळेल असं तुम्ही बोलता का, ते तो बघत असतो.

आकडे थोडेच आहेत, पण पक्के हवेत. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट म्हणजे ३७ अंश सेल्सिअस, रक्तदाब १२०/८० च्या आसपास, ऑक्सिजन ९५ टक्के किंवा जास्त. फॅरनहाइटचं सेल्सिअस करायला ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. १०४ असेल तर ७२ उरतात, गुणून ३६०, भागून ४०. हा एक हिशेब हाताशी ठेवला की बाकीचे जमतात.

मोजायची रीत मात्र आकड्यापेक्षा जास्त विचारली जाते. श्वास मोजताना रुग्णाला सांगायचं नाही, कारण सांगितलं की तो श्वास मुद्दाम हळू-जोरात घ्यायला लागतो. परवानगी ‘नाडी वगैरे तपासते’ अशी आधीच घ्यायची, नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावर तशीच ठेवायची आणि नजर छातीकडे न्यायची. नाडी आणि श्वास, दोन्ही पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं सोपं, पण नाडी अडखळत असेल तर ते उत्तर खोटं निघतं. रक्तदाब मोजण्याआधी रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवायचं, हात हृदयाच्या पातळीवर टेकवायचा, पट्टा कोपराच्या वर दोन बोटं, मोजताना बोलायचं नाही. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाला असेल तर आकडा वर जातो. आपल्याकडे तंबाखू म्हणजे सुपारीसोबत घोटलेला खर्रा, आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला खर्रा खाणारा माणूस सरळ नाही म्हणतो. तेव्हा खर्रा असंच विचारा. तोंडातला ताप घेण्याआधीही गरम चहा, थंड पाणी याची चौकशी करायची. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंश फॅरनहाइटने कमी येतो, म्हणून कागदावर ‘काखेत’ असं लिहावंच लागतं.

आता तिसरी गोष्ट, लिहिणं. पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा तक्ता ठेवायला सांगतात, आणि त्यात घरच्या सवयीने ‘दोन गिल्लास पाणी’ असं लिहून मोकळं व्हायला होतं. गिल्लास कोणता? वॉर्डातला पेला एकदा मापाच्या भांड्याने मोजून घ्या आणि पुढे मिलीलीटरमध्येच लिहा. समजा दिवसभरात चहा १००, पाणी २०० चे तीन पेले, सलाईन ५००. आत गेलं १२००. लघवी ७०० आणि उलटी १५०, म्हणजे बाहेर आलं ८५०. फरक ३५०. आंबील, वरणाचं पाणी, ताक हे सगळं मोजायचं, भाकर नाही. लघवी तासाला ३० मिलीलीटरच्या खाली जात असेल तर तक्ता पूर्ण होण्याची वाट न बघता सिस्टरला सांगायचं. लिहिताना चूक झाली तर त्यावर एक आडवी रेघ, बाजूला सही आणि वेळ. व्हाइटनर लावलेला किंवा गिरवून काळा केलेला आकडा कोणी खरा मानत नाही. आणि काम करण्याआधी कधीच लिहायचं नाही, कितीही घाई असली तरी. आठ वाजता कूस बदलणार म्हणून सात वाजताच खूण करून ठेवणं ही वॉर्डातली जुनी खोड आहे. परीक्षेत तिच्यावर थेट प्रश्न येऊ शकतो.

घरून आलेल्या ज्या सवयी सोडायच्या त्यातल्या काही रुग्णाच्या जिवावर बेततात. आजीच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला की आपण तेल लावून चोळतो. चोळायचं नाही. आत आधीच दबलेली कातडी त्याने आणखी फाटते. दर दोन तासांनी कूस बदलणं, चादरीला सुरकुती न ठेवणं, अंग कोरडं ठेवणं, टाचा-कंबर-खांदे-डोक्याची मागची बाजू रोज बघणं आणि लालसरपणा दिसला की कळवणं, हे बेडसोरवरचं, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांवरचं उत्तर. लघवीची पिशवी नातेवाईक कौतुकाने उशाशी किंवा पोटावर ठेवतात, स्ट्रेचरवर तर उंच धरून चालतात. ती कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी, जमिनीला न टेकता, नाहीतर लघवी परत आत जाते आणि संसर्ग होतो. फेफरं आलेल्याला कांदा हुंगवणं, चप्पल लावणं, तोंडात चमचा घालणं, सगळं चूक. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, झटके थांबले की एका कुशीवर वळवायचं, वेळ बघून ठेवायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, कितीही आया-बाया म्हणाल्या तरी.

पाठीचीही अशीच एक सवय आहे, पण इथे घरचंच शिक्षण कामाला येतं. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेताना वाकून कोणी उचलत नाही. गुडघ्यात बसायचं, गाठोडं अंगाशी घ्यायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. रुग्णाला पलंगावरून खुर्चीवर आणताना नेमकं हेच करायचं: पाय फाकवून उभं राहा, गुडघे वाकवा, त्याला अंगाशी घ्या, कंबरेत पिळू नका, पावलं वळवा. त्याआधी चाकांना ब्रेक लावा. लकवा झालेल्याची खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला ठेवा. काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. आणि एकटीला झेपत नसेल तर हाक मारा. ‘मी करते ना’ हा गावाकडचा गुण इथे दोष आहे.

कचऱ्याच्या रंगांवर हमखास प्रश्न असतो, आणि इथे यूट्यूब घात करतं. ‘नर्सिंग असिस्टंट एक्झाम’ असं शोधलं की बहुतेक व्हिडिओ अमेरिकेच्या सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट) परीक्षेचे निघतात. तिथे १९८७ च्या केंद्रीय कायद्याने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर लेखी-प्रात्यक्षिक परीक्षा ठरलेली आहे. हात धुणं, पलंग लावणं, आंघोळ घालणं यांचे व्हिडिओ बघायला हरकत नाही, चांगले असतात. पण तिथे रक्ताने भिजलेला कापूस लाल पिशवीत जातो आणि आपल्याकडे पिवळ्या. आपल्याला लागू आहेत २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम. पिवळ्यात शरीराचे भाग, रक्त-पू लागलेला कापूस आणि पट्ट्या, मुदत संपलेली औषधं. लालमध्ये वापरलेलं प्लास्टिक: सलाईनची नळी आणि बाटली, कॅथेटर, लघवीची पिशवी, हातमोजे. पांढऱ्या, टोचून फाटणार नाही अशा डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काच, म्हणजे इंजेक्शनच्या फुटक्या-रिकाम्या कुप्या. फसवणारा प्रश्न सिरिंजचा असतो. कटरने सुई तोडली की सुई पांढऱ्यात आणि उरलेलं प्लास्टिक लालमध्ये. डब्याचा विचार डब्यापाशी करायचा नाही, हातात असतानाच करायचा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. सुई टोचलीच तर जखम पिळायची नाही, चोखायची नाही, वाहत्या पाण्यात साबणाने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्ही टाळण्याचं औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं, आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. ओरडा बसेल म्हणून लपवून ठेवणाऱ्या मुली असतात, म्हणून हा आकडा विसरू नका.

प्रथमोपचाराचा भाग आपल्या भागासाठी मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो पुस्तकाबाहेर रोज भेटतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उन्ह लागलेल्या माणसाचं अंग तापलेलं असेल आणि तो बरळत असेल तर सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा, मान-काख-जांघेत थंड पट्ट्या, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन. शुद्धीत असेल तरच घोट-घोट पाणी. २०१७ च्या फवारणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा रुग्णाला उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. आपण हातमोजे घालून त्याचे कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्यायची. साप चावला तर करकचून बांधणं, चीर देणं, चोखणं बंद. तो हात-पाय न हलवता आधार देऊन ठेवायचा आणि धीर द्यायचा. गडचिरोली-गोंदियाकडे सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण वॉर्डात असतोच. तो वेदनेने तळमळतो तेव्हा नाटक करतो असं समजणारे असतात. त्याला ऊब हवी, पाणी हवं, आणि त्याचं दुखणं त्याने सांगितलं तसं सिस्टरपर्यंत पोचलं पाहिजे. हृदय बंद पडलं तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, ३० दाबांमागे दोन श्वास.

आणि आता चौथी गोष्ट, थांबणं. लेखी प्रश्नांत चार पर्याय दिलेले असतात आणि त्यातले दोन तरी चांगले वाटतात. सलाईन संपत आली आहे: बंद करा, नवी लावा, वेग कमी करा, की सिस्टरला लगेच सांगा? गावात आपण कामसू मुलगी म्हणून वाढलेल्या असतो, हात आपोआप बाटलीकडे जातो. बरोबर उत्तर शेवटचं. औषध देणं, इंजेक्शन, सलाईनचा वेग, रुग्णाला आजार काय ते सांगणं, यातलं काहीही जीडीएचं नाही. नातेवाईक विचारतात, ‘बाई, रिपोर्टमंदी काय निघालं वं?’ त्यावर ‘डॉक्टर सांगतील, मी त्यांना निरोप देते’ एवढंच. पण थांबणं म्हणजे नुसतं उभं राहणंही नाही. रुग्ण पलंगाखाली पडलेला दिसला तर पर्याय असे येतील: उचलून पलंगावर ठेवा, नातेवाईकांना बोलवा, शुद्ध-श्वास बघा आणि जागेवरूनच मदतीसाठी हाक द्या, नोंद करा. पहिला पर्याय माणुसकीचा वाटतो आणि तोच चुकतो, कारण माकडहाड किंवा मानेचं हाड मोडलेलं असू शकतं. अशा प्रश्नात स्वतःला एवढंच विचारा: आत्ता या क्षणी रुग्णाला धोका कशाने आहे, आणि तो माझ्या हद्दीत आहे का? यावर उत्तर सुटत नसेल तर रुग्णाजवळ थांबून सिस्टरला कळवणारा पर्याय निवडा.

स्पंजिंग, म्हणजे अंथरुणातच आंघोळ, प्रात्यक्षिकात नेहमी विचारतात. पाणी कोमट, आपल्या कोपराला सोसेल असं. डोळे आधी, साबण न लावता, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला कपड्याचा वेगळा कोपरा. मग चेहरा, हात, छाती, पोट, पाय, पाठ आणि शेवटी गुप्तांग, बाईचं असेल तर पुढून मागे. जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा. पुरुष रुग्ण म्हणून संकोच वाटला तर तो चेहऱ्यावर दिसू न देता पडदा आणि चादर यांची काळजी घ्यायची. ज्याला स्वतः पुसता येतं त्याच्या हातात कपडा द्यायचा. घरी लाकडी बाजेवर सराव कराल, पण बाज बुटकी असते. दवाखान्यातला पलंग आपल्या कमरेइतका वर घेता येतो, तो वर घ्यायला आणि काम झाल्यावर पुन्हा खाली करायला विसरू नका. बाजूचा कठडा वर, बेल हाताशी.

परीक्षा घ्यायला तुमचे शिक्षक नसतात, बाहेरून परीक्षक येतो. लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी असे तीन भाग असतात. लेखी भाग टॅबवर किंवा संगणकावर असू शकतो, तेव्हा ज्यांनी मोबाइलशिवाय काही हाताळलं नाही त्यांनी केंद्रावर एकदा हात फिरवून घ्यावा. प्रश्न मराठीत येणार का, पास व्हायला किती गुण, राहिलं तर पुन्हा बसता येतं का, हे केंद्राकडून आधीच विचारून घ्या. प्रवेश घेतानाच विचारलेलं बरं. आधार कार्डावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचं इथे अडतं. आणि सकाळची पहिली एसटी चुकली तर दुसरी कधी, याचा विचार आदल्या रात्री करा.

प्रमाणपत्र हाती आलं की त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून ते खरंच नोंदलेलं आहे का ते बघा. नागपूर, वर्धा, अमरावतीच्या खासगी दवाखान्यांत जीडीएला काम मिळतं. मुलाखतीत पगार बँकेत जमा होणार का, रात्रपाळी संपल्यावर जायची सोय काय आणि राहायला जागा मिळणार का, हे तीन प्रश्न न लाजता विचारायचे. बारावी झालेल्यांनी एएनएमच्या प्रवेशाच्या तारखांवरही लक्ष ठेवावं. जीडीएच्या जोरावर त्यात सूट मिळत नाही, पण वॉर्डातलं काम बघून झालेलं असतं, त्यामुळे तिथला पहिला महिना बाकीच्यांइतका जड जात नाही.